हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात परळच्या बँकेत
आबांना न्यायचं काम माझं.
यंत्रावर अंगठा ठेवायचे.
ठसा जुळत नाही.
दुसरं बोट. तिसरं. धोतराला पुसून,
तोंडाच्या वाफेवर धरून पुन्हा.

रेषा उरल्याच नव्हत्या.
अठरा वर्षं खेचरांचे दोर ओढलेले,
बर्फातून वर चौकीकडे, रॉकेल न् पीठ लादून.
गोळी कधी झाडलीत का, विचारलं तर
म्हणायचे, "झाडली ना. एकदाच.
एकशेबारा नंबरच्या कपाळात.
पाय मोडला होता तिचा."
मग चहा बशीत ओतायचे
आणि बराच वेळ प्यायचे नाहीत.

चाळ पाडून सातव्या मजल्यावर घर मिळालं
तरी लिफ्ट नको, जिनाच.
प्रत्येक वळणावर थांबून खाली बघत,
कुणी मागे राहिलं नाही ना.
आईच्या हातातली पिशवी
न विचारता काढून घेत.

यंदा एकटाच गेलो,
दुसरा दाखला घेऊन.
बाईंनी नाव वाचलं, नंबर वाचला,
शिक्का मारला.
पहिल्या झटक्यात जुळलं सगळं.

बाहेर टपरीवर चहा घेतला,
बशी मागितली.
पोऱ्या म्हणाला, बशी नसते आता, काका.