माल सुस्थितीत मिळाला

कुरिअरवाल्याचा फोन आला तेव्हा
मी मेथी निवडत होते.
"बेन, पार्सल भीनुं छे. जाते आवीने लई जाव."
जाते, म्हणजे स्वतः.
चार पिढ्या बडोद्यात काढूनही माझ्या कानाला
ह्या शब्दात आधी दगडी घरघर ऐकू येते.
मी म्हटलं, जाते.
दोन्ही भाषांत खरं होतं ते.

दांडिया बाजारात, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला
यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं त्यांचं ऑफिस.
खोकं काउंटरवर नव्हतं. खाली होतं,
निळ्या घमेल्यात, एकटं,
जुलाब झालेल्या पोरासारखं.
कोपऱ्यातून निघालेला जांभळा डाग
पत्ता चढत चढत
माझ्या आडनावापर्यंत पोचला होता.

पाठवणार: वत्सला पिंगळे, दिंडोरी, जि. नाशिक.
वस्तू: जांभूळ रस. नग: तीन.
अक्षर ताईचंच.
खोटं लिहितानाही
ज-च्या पोटाला गाठ मारायची तिची सवय सुटली नाही.

पण वास कुठं फॉर्म भरतो?
तो पंख्याखाली गरगरत होता,
लायनीतल्या एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत.
कॅनडाला खाखरे पाठवणारे काका
पिनकोड तिसऱ्यांदा तपासू लागले.
पासपोर्टची झेरॉक्स धरलेला मुलगा छताकडे बघत राहिला,
तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.
आणि हर्डीकर सर,
ज्यांनी मला नववीत नागरिकशास्त्र शिकवलं,
कायद्यापुढे सगळे समान, हे फळ्यावर लिहून
खाली दोनदा रेघ ओढली,
ते डोळे मिटून उभे.
"आंबलंय वाटतं," म्हणाले.
मग आणखी एक श्वास, लांब.
"छान आंबलंय."

काउंटरवरच्या दर्पणनं लेबल वाचलं, मला वाचलं.
"मासी, मारा पप्पाने डायबिटीस छे.
घरमां जांबुनो रस रोज आवे छे."
थोडं थांबून, "आवो नथी आवतो."

कोणी हसलं नाही.

टोमॅटो उपटून वेली लावल्या त्याला अकरा वर्षं झाली.
मेव्हणे तेव्हा होते. गारपीट दोनदा झाली.
"पहिली बाटली तुला," ताई फोनवर म्हणायची,
मी म्हणायची, अगं इथं चालत नाही, दंड होतो, पोलीस,
तर तिचं आपलं, "तुमचं राज्य कोरडं ना?
मग ओलंच काहीतरी पाठवायला हवं."

दर्पणनं ड्रॉवर ओढला.
माझ्या पोटात गोळा.
ड्रॉवरमधून निघाली खाकी टेप,
कालचा पेपर, आणि एक काळी पिशवी.
फुटलेलं त्यानं बोटांनी वेचलं, काच मोजल्यासारखी,
बाकीचं गुंडाळलं,
तान्ह्याला दुपट्यात बांधतात तसं, मान सांभाळून.
मग फरशीवर फिनेल. रोजच्या दुप्पट.
"सही. अहीं."

बोटाखालची ओळ छापील होती:
माल सुस्थितीत मिळाला.
पिशवीत दोन गळे एकमेकांना हळूच लागले, किण्ण.
मी सही केली. पूर्ण नाव, तारखेसकट.
सरांनी दार धरलं.

रिक्षावाल्यानं विचारलं, शुं छे?
म्हटलं, डायबिटीसचं.

रात्री ताईचा फोन.
"पोचलं?"
पोचलं.
"कसं लागलं?"
दोन्ही बाटल्या डाळीच्या डब्यामागं, अजून टेपमध्येच,
आणि माझ्या उजव्या तळव्याला
साबणानंही न गेलेला तो वास.
हात नाकाशी नेला.

हर्डीकर सरांना आवडलं, म्हटलं.