मठार

रत्नाकर करडे, वय एकोणपन्नास,
तांबट आळी, कसबा पेठ.
मार्चमध्ये मीच लिहिलं होतं :
‘जुनाट दाह. क्षयाची शक्यता. लक्षणांशी ताडून पाहावे.’
कुणी ताडलं, कुणास ठाऊक.

सहा महिने गोळ्या. लघवी केशरी.
वजन उतरलं, गाठी होत्या तिथेच,
दोन्ही फुप्फुसांत, बाजरीएवढ्या, काही हरभऱ्याएवढ्या.
सीटीवर चाळीसपर्यंत मोजून
रेडिओलॉजिस्टनं पुढे ‘अनेक’ लिहिलं.
मग कुणी म्हणालं, कॅन्सर आहे, दुसरीकडून पसरलाय.
आतडं पाहिलं, प्रोस्टेट, थायरॉइड.
दुसरीकडे काही नव्हतंच.

परवा ते स्वतः आले ब्लॉक परत घ्यायला, मुंबईला दाखवायचा म्हणून.
थांबले होते तेवढ्यात
कोपऱ्यातल्या पाण्याच्या हंड्यावर बोटाचं पेर वाजवलं.
“मॅडम, बुडाशी झाळलंय कुणीतरी. कच्चं. ऐका.”
मी ऐकलं. मला सगळीकडून सारखाच आवाज आला.
“छातीवर पण असंच ठोकून पाहिलं डॉक्टरांनी,” ते म्हणाले,
“त्यांना पण सारखाच आला.”
हसताना खोकले.

ब्लॉक दिला नाही. उद्या या म्हटलं.

रात्री मार्चचीच स्लाइड पुन्हा लावली.
कूर्चेसारखी निपचित, निळसर जागा,
आणि तिच्यात एक पेशी, आतून पोकळ होत चाललेली.
पोकळीत एकच तांबडी रक्तपेशी,
घासायला टाकलेल्या तपेल्यात
मसुरीचा दाणा राहावा तशी.

शिरेच्या अस्तरातली ही. वाट चुकलेली,
पण शीर घडवायची हे तेवढं हाताला आठवतंय.
बाहेर कुणी नाही, म्हणून एकटीच
स्वतःलाच ठोकत, खोलगट करत बसलीय.

मार्चमध्येही होती. ह्याच काचेवर.
मी तिला चरबीचा थेंब समजले
आणि काच पुढे सरकवली.

आता रंग मागवलेत. केंद्रकं तपकिरी झाली,
चिंच न लागलेल्या तांब्यासारखी,
तर नाव नक्की. नाव लांबलचक आहे,
उपचारांचा परिच्छेद आखूड.
काहींचं वर्षानुवर्षं तसंच राहतं.
काहींचं नाही.
हे मी त्यांना सांगायचं नसतं, मी फक्त नाव लिहायचं.

सकाळी, झाडायला सरूबाई यायच्या आधी,
हंडा रिकामा करून पेरानं वाजवला, वरून खाली.
बुडाशी किंचित बद्द आवाज आला.
की आता सांगितलंय म्हणून आला?