सहा दिवस कमी

डिस्चार्ज बुक अण्णांनी उजेडात धरलं,
नोट धरावी तसं.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये काढली,
जेलरोडचं घर त्यातच उभं राहिलं.
शिक्का खरा, म्हणाले. कप्तानाची सही जरा थरथरलीय.
मग बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले.
सहा कमी.

कोलंबोला जहाज गोदीत कोरडं उभं होतं, तेव्हाचे ते.
मी गंज खरवडत होतो, तळहाताला फोड,
पण खाली पाणी नव्हतं.
पाण्याविना दिवस धरत नाहीत, अण्णा.

एबीची परीक्षा आता पुढच्या खेपेनंतर.
तोवर अंगणात, वलणीच्या दोरीला
बोलाइन मारतो, डोळे मिटून, डाव्या हातानं;
परीक्षक अंधारात मारायला लावतो म्हणे.
कुमुदकाकू कुंपणावरून विचारतात,
नाशिकला कुठला रे समुद्र?
जवळच आहे, काकू. घाट उतरला की आलाच.
गोदा मात्र त्याच्याकडे पाठ करून निघते,
अख्खं दख्खन तुडवते
आणि पलीकडच्या दर्यात जाऊन भरती होते.

आई ओरडते: सैल पडली तुझी दोरी,
चादर मातीला लागतेय!

गाठ पक्की आहे, आई.
खांब वाकलाय.