तुरट

रिपोर्टात वाईट कोलेस्टेरॉल आलं एकशे अठ्ठ्याहत्तर.
डॉक्टर तांबवेकर बाईंनी त्याला पेनाने गोल केला,
चुकलेल्या गणिताला करतात तसा.
गोळी लगेच नको, म्हणाल्या, तीन महिने देते.
चाला. फरसाण बंद. जूनमध्ये पुन्हा रक्त.
मी विचारलं, मुलगी कसलीशी कॅप्सूल पाठवतेय, वनस्पतीची...
"घ्या हवी तर. थोडा हातभार लागेल, कदाचित लागणारही नाही.
पण तिच्या जिवावर बसून राहू नका."

बसून राहणं हीच माझी नोकरी होती, बाई.
एकतीस वर्षं, टेलिफोन खातं, बिलांच्या तक्रारी.

डबी आली. नव्वद कॅप्सूल, चौदाशे नव्वद रुपये.
द्राक्षाच्या बियांचा अर्क.
मी आयुष्यभर मार्केट यार्डातून
चार पैसे जास्त मोजून बिनबियांची द्राक्षं आणली,
आणि आता बिया घेतल्या. वेगळ्या. पॅक करून.
एक कॅप्सूल फोडून भुकटी जिभेला लावली.
जीभ आखडली. गालांच्या आतून कुणी चिमटा काढावा
तसं तोंड मिटलं.

तुरट.

आमच्या घरात या चवीला कधी पाट मांडला नाही.
आवळा आला की त्याचा मोरावळा व्हायचा,
जांभळाला मीठ, चहाला दोन चमचे,
कच्ची केळी तर तळल्याशिवाय आत यायचीच नाहीत.
सहा चवी पाठ होत्या शाळेपासून;
जेवलो पाचच.

सहाला तळजाई.
चौदाशे नव्वद रुपये गेलेत, आता चाललं पाहिजे:
या एका विचाराने मी उठायचो,
यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आपण पुण्यात राहतो.
पहिल्या आठवड्यात गेटपासून दुसऱ्या बाकापर्यंत.
त्या बाकावर हबीब तांबोळी असायचे,
छातीत दोन स्टेंट, डोक्यावर विणलेली टोपी,
स्वारगेटला चाळीस वर्षं पानाची गादी.
डबी बघू म्हणाले. चष्मा कपाळावर नेऊन
बारीक अक्षरं वाचत गेले, आणि थांबले.
"कॅटेचिन! अहो, हा तर आमचा कात."
खरंच. नाव तिथूनच गेलंय, नंतर मी पडताळलं.
"आयुष्यभर लोकांच्या पानाला लावला मी हा.
आणि लोकांनी माझ्या भिंतीवर थुंकला."
एवढं हसलो की मागून येणारी
काठीवाली बाई आम्हाला वळसा घालून गेली.

मग दुसरा बाक मागे पडला, मग पाण्याची टाकी,
मग एप्रिल.
ज्वारीची भाकरी मी नाक न मुरडता खाऊ लागलो.
मिसळ एकदा झाली. तर्री घेतली नाही.
घेतली. अर्धी वाटी.

जूनचा आकडा: एकशे एकोणपन्नास.
मुलगी फोनवर म्हणाली, बघ, कॅप्सूल!
हिने भाकरीचं पीठ मळता मळता नुसता हात वर केला.
बाई म्हणाल्या, चाललात म्हणून.
हबीबभाईंनी विचारलं, त्यात माझे किती?

रात्री जुन्या सवयीने ताळा घ्यायला बसलो.
दिवस ब्याण्णव. कॅलेंडरवर टेकडीच्या फुल्या एकोणनव्वद.
डबी उपडी केली, मोजल्या:
एकोणतीस कॅप्सूल शिल्लक.
म्हणजे महिनाभर मी बिया विसरलो
आणि पाय विसरले नाहीत.
एकोणतीस अंक उतरले, एकोणतीस कॅप्सूल उरल्या.
याचा अर्थ काहीच नाही. तरी दोनदा मोजल्या.
खात्यात असतो तर लिहिलं असतं,
ग्राहकाची तक्रार तथ्यहीन, फाईल बंद.

सकाळी तळजाईच्या पायथ्याशी पळसाच्या पानावर
जांभळं होती, वाट्याला चाळीस रुपये.
बाई मिठाची पुडी बांधायला लागली.
नको म्हटलं.
हबीबभाईंनी बी सुद्धा दाताखाली धरली,
डोळे गच्च मिटले,
आणि मला म्हणाले, जीभ दाखवा.