अठरा-एकोणीसचा पाना

डाव्या कानाने माझ्याआधी अकरा वर्षं
रिटायरमेंट घेतली, खडकीच्या प्रेसशॉपमध्ये.
उजवा शाबूत आहे. त्याच्यावर हेडफोन लावतो
आणि जमीन ऐकतो.

शेजारच्या मुदलियारांना वाटतं, मी मासे धरायला जातो.
बॅडमिंटनच्या पिशवीत मशीनची दांडी, खुरपं, दोन भाकऱ्या,
वाकडेवाडीहून पावणेसहाची एसटी,
नारायणगावला उतरून पुढे मिळेल ते,
एकदा टोमॅटोच्या क्रेटांवर बसून.

मीना नदीच्या अलीकडे डुंबऱ्यांचं रान.
ऊस निघाला, काल पलटी नांगर फिरला.
खालची माती वर आलीय, उन्हाची सवय नसलेली,
आणि बगळे तासातासातून तिची झडती घेताहेत.
त्यांच्यामागून मी, अनवाणी.
बूट बांधावर. त्यांच्या कड्या मशीनला ऐकू येतात.
अंगठी भाकरीच्या डब्यात.

लोखंडाचा आवाज मी बंदच ठेवतो.
सगळेच शौकीन ठेवतात. नाहीतर शेत बोलून बोलून
डोकं उठवतं.
तरी नऊपर्यंत गुटख्याच्या पुड्याच, चांदी नेसलेल्या,
आणि बॅटरीचा एक सेल.

मग बांधापासून चाळीसेक पावलांवर
एक सूर आला. गोल.
मी जागीच उकिडवा बसलो.
चार बोटं खाली, ढेकळात, हिरवी कड.
थुंकी लावून पुसली : शिवराई.
एका बाजूला अर्धा 'श्री',
बाकीची अक्षरं कुणाकुणाच्या अंगठ्यांनी
खर्चून टाकलेली.

सुगंधा ट्रॅक्टरवरून उतरून आली.
"सोनं?"
"तांबं."
तिने तळहातावर घेतली, उलटी केली,
आणि दुकानदार फाटकी नोट परत देतो तशी दिली.
"नियमाने कळवावं लागेल," मी म्हणालो. "तलाठ्याला दाखवू."
"तलाठी सापडतो का तुमच्या मशीनला?"

जाता जाता थांबली.
"काका, माझा पाना गेलाय इथं. गेल्या साली.
अठरा-एकोणीसचा, पहिल्या कमाईतनं घेतलेला.
नांगराचा बोल्ट आवळत होते, तेवढ्यात फोन आला,
मग कुठं ठेवला त्याचं भानच नाही राहिलं."
कुणाचा फोन, ते ती म्हणाली असेल किंवा नसेल.
असल्या वेळी मी डावा कान पुढे करतो.

बटण फिरवलं. लोखंड चालू.
आणि सगळं रान एकदम बोलायला लागलं,
घोगऱ्या आवाजात, एकमेकांच्या वरताण.
बैलाची पत्री, दोन खिळ्यांसकट
(बैल इथे शेवटचा कधी चालला, सुगंधालाही आठवेना),
फाळाचं टोक, विळ्याचा मूठ नसलेला भाग,
मोटेच्या काळातली असावी अशी कडी,
लिंचपिन, लिंचपिन, अर्धी लिंचपिन.
तेहतीस वर्षं गेज लावून लोखंड निवडलं मी :
पास, रिजेक्ट, पास.
इथे काही रिजेक्ट करवेना.
शर्टाच्या ओच्यात भरत गेलो,
बटणं ताणली गेली.

पाना अकराला मिळाला, दुसऱ्याच कोपऱ्यात,
वीतभर खाली, गंजून बिस्किटासारखा झालेला.
सुगंधाने साडीवरच्या शर्टाला तो घासला,
डिझेल लावलं, परत घासला,
आणि जाऊन नांगराच्या बोल्टला लावला.
बसला.
गरज नसताना तिने बोल्ट सैल केला,
गरज होती म्हणून पुन्हा आवळला,
आणि मला काय म्हणाली ते वाऱ्यात गेलं.

शिवराई तिच्या टूलबॉक्समध्ये ठेवलीय,
ग्रीसच्या डबीशेजारी, तलाठी येईपर्यंत.
मी खड्डे बुजवत बुजवत मागे आलो.
बटण उलटं फिरवायचं राहून गेलं होतं.
बांधाजवळ पोचलो,
तर माझे बूटच आधी बोलले.