पत्र्याचं वादळ

चौथीला इंग्रजीचा तास,
आणि पुस्तक मी कपाटात ठेवलंय.

चारशे वर्षांपूर्वी, मी सांगते,
लंडनात नदीकाठी एक लाकडी नाटकघर होतं.
गोल. मधोमध आभाळ उघडं.
स्वस्तातली माणसं खाली मातीत उभी राहायची,
पाऊस आला की भिजायची, तरी हलायची नाहीत.
'म्हणजे खासबागच की,' तन्वेज शिकलगार म्हणतो.
डीएडला दोन वर्षं घालवली मी,
कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

बायकांची कामं तिथं पोरं करायची,
यावर मागच्या बाकावर एकच हशा.
वेदिका सुतार तेवढी हसत नाही.
'आमचं पणजोबा कंपनीत लुगडं नेसायचं,' ती म्हणते,
'आणि घरी म्हशी धुवायचं.'

मग मी राजाला आणते.
नाव सांगत नाही.
इंग्रजी नाव ऐकलं की पोरं सावरून बसतात,
तपासणीला साहेब आल्यासारखी.
नुसता राजा. म्हातारा. राज्य गेलेलं,
रात्र, माळ, वादळ, आणि सोबतीला एक विदूषक.

राजा प्रज्योत, कारण त्याचा आवाज गंगावेशीपर्यंत जातो.
मुकुट गुळाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा.
(रात्रभर टेबलावर राहिला,
सकाळी त्यावर मुंग्यांचं राज्य.
झटकला, पुन्हा घातला. राजाची मान दिवसभर खाजत होती.)
वादळ म्हणजे मुतारीवरचा निघालेला पत्रा,
दोन टोकांना दोघांनी धरून हलवायचा.
पहिल्याच दणक्याला शिपाई दत्तूमामा पळत आले,
'बाई, कुठली भिंत पडली?'

ओळी मी आधी त्यांच्या इंग्रजीत म्हणते.
पोरं अर्थाच्या वाटेला जात नाहीत,
माझं तोंड बघतात,
जीभ कुठं लागते, ओठ कधी मिटतात.
मग तेच आपल्यात सांगते,
तेव्हा कुठं माना हलतात.

राजा ओरडतो. पत्रा गडगडतो.
विदूषक थंडीनं कुडकुडतो, जरा जास्तच.
आणि ओवी कुंभार,
जिला मी कुठलंच काम दिलेलं नाही,
उभी राहते.

'बाई, दार का उघडंनात?'
'कोण?'
'ज्येंचं घर हाय ते.'
नाटकात तसंच लिहिलंय, मी म्हणते.
म्हणताना माझं मलाच पटत नाही.

पुराच्या वर्षी कुंभार गल्लीत
अर्ध्या रंगवलेल्या गणपतींच्या गळ्यापर्यंत पाणी आलं,
तेव्हा ही दुपट्यातली पोर
आईच्या खांद्यावर याच वर्गात आली होती.
सात रात्री. या फळ्याखाली.
तिला आठवत असेल का, ठाऊक नाही.
घरात सांगत असतील.

ती चालत जाते, वर्गाचं दार उघडते,
खरंखुरं, कडी वाजवून,
आणि राजाला म्हणते,
'आत या. भात हाय. ह्या बारक्यालाबी घेऊन या.'

प्रज्योत माझ्याकडं बघतो.
त्याच्या चार ओळी उरल्यात अजून,
पाठ करायला आठवडा लागला होता.
भिजल्या राजानं बाहेरच राहायचं असतं,
चारशे वर्षं तो बाहेरच राहत आलाय,
त्याशिवाय पुढचं दुःख घडत नाही.
हे सगळं मला माहीत आहे.
'जाऊ का, बाई?'

सोमवारी केंद्रप्रमुख विचारतील,
कोणतं उद्दिष्ट साध्य झालं?
मी लिहीन: नवीन शब्द तीन.
किंग. स्टॉर्म. डोअर.

राजा उंबऱ्यात चपला काढतो.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
पत्र्याचं टोक धरून तन्वेज विचारतो,
'वादळ बंद करू, बाई?'
नको, मी म्हणते, हलव अजून थोडा.
आत आलेल्याला ते ऐकू यायला पाहिजे.