ओहोटी, सहा चाळीस

आंजर्ल्याच्या खाडीत पाणी उतरू लागलं तेव्हा
आम्ही अकरा जण लाकडी मचाणावर.
तिकीट वीस रुपये, कॅमेऱ्याचे पन्नास वेगळे.
कोजागिरी होऊन चार दिवस झालेले,
पहाटे कठड्यावर दव
आणि आठ वाजायच्या आत
मानेवर निखारा ठेवावा तसं ऊन.

मोहसीन परकार पुढे. त्याचं बोट
दुर्बिणीच्या आधी पोचतं.
"तिवराच्या डावीकडे, खुंटावर. तो खंड्या सोडा,
खाली बघा, चिखलाच्याच रंगाचा."
तिथे सगळंच चिखलाच्या रंगाचं होतं.
बँकेतून निवृत्त झालेले दाबके
दिसेल त्या पक्ष्याला तुतवार म्हणतात
आणि दहातून सहादा बरोबर निघतात.

यादी माझ्याकडे.
शेकाट्या चौदा.
चिखल्या, मोजता आले नाहीत.
टिलवा एक, लाल पायांचा;
पाय पाण्यात होते,
लाल मी मोहसीनच्या भरवशावर लिहिलं.

मग कोरल. तीन.
चोच अशी लांब, वाकडी,
की भातकापणीची वर्दी उत्तरेत पोचली
आणि हे विळे घेऊन निघाले.
टेलिस्कोपमागे रांग लागली.
ईशानची पाळी आली, तो चवड्यांवर उभा राहिला,
फळी करकरली.
गेले. तिन्ही. मागे एक लांब शीळ.
कोणी काही बोललं नाही. ईशान नऊ वर्षांचा आहे.

मी भिंग उगाच फिरवत राहिले
तर त्यात एक बाई आली.
पोटरीभर चिखलात, काष्टा खोचून,
कमरेत वाकून तिसऱ्या काढत होती.
हात रुतवायचा, चाचपायचं,
न बघताच मागे टोपलीत.
तिच्यापासून चार पावलांवर
तेच तिन्ही कोरल उतरले
आणि तेच करू लागले.

परतताना ती उघडीपाशी भेटली, टोपली विसळताना.
द्वारका चोगले, मोहसीनच्या ओळखीतली.
दाबक्यांनी विचारलंच,
तुम्हाला कसे भीत नाहीत हो?
"भितात तर," ती म्हणाली, "मी उबी रायले की."

मग तिने कमरेवर हात ठेवून
पाठ हळूहळू सरळ केली,
पार वरपर्यंत,
आणि बांधापलीकडून काहीतरी भुर्रकन उडालं.
काय ते कोणालाच दिसलं नाही.
मी पेन उघडून थांबले.

तुतवार, दाबके म्हणाले.